हेवी लायसन्सचा न होणारा पेपर

२०२३ च्या पावसाळ्यात माझा भाचा शिकाऊ लायसन्सच्या संगणकीय परीक्षेत एका गुणाने नापास झाला. १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर यावे लागतात, त्याचे ८ आले. साताऱ्याहून परतताना तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसला होता आणि कोरेगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही काही विचारले नाही, कारण मला खरोखरच आश्चर्य वाटत होते. दहावीनंतर त्याचे शाळेत मन रमले नव्हते हे खरे, पण रस्त्याचे त्याला कळत नाही असे मी कधीच म्हटले नसते. कितीतरी महिने तो गावातल्या एका १० चाकी ट्रकवर क्लीनर होता आणि रात्री दोन वाजता उठवून विचारले असते, तरी आनेवाडी ते तासवडे या दोन टोलनाक्यांमधला प्रत्येक ढाबा आणि प्रत्येक पंक्चरवाला त्याने क्रमाने सांगितला असता.

मी स्वतः ट्रक चालवत नाही. एका ट्रान्सपोर्ट कचेरीत अकरा वर्षे बिल्ट्या, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाच्या पावत्या, लिहीत बसलो आहे. ट्रक, माल, ताडपत्री, भाडे, ॲडव्हान्स हे माझे रोजचे शब्द आहेत, परंतु स्टिअरिंगच्या मागे बसण्याचा योग आला नाही. ताईने मात्र ‘तू कागदपत्रांतला माणूस, तूच त्याचा अभ्यास घे’ असे सांगून हे काम माझ्याकडे सोपवले आणि पुढची दोन वर्षे ते माझ्याकडेच राहिले.

तो नापास का झाला हे समजायला एक संध्याकाळ लागली. मी प्रश्न वाचायचे आणि त्याने उत्तर द्यायचे असे ठरले होते. ‘अरुंद पुलावर समोरचे वाहन आधी पुलावर आलेले असताना तुम्ही पुढील वाहन ओलांडू शकता काय?’ असा प्रश्न मी वाचला. तो गोंधळला आणि म्हणाला, “मामा, रस्ता ओलांडतात. वाहन कसं ओलांडायचं?” मी म्हटले, ओव्हरटेक. “मग ओव्हरटेक म्हणा की! पुलावर कोण साईड मारतंय?” उत्तर त्याला माहीत होते, अडचण शब्दांची होती. अग्रक्रम, पादचारी, मार्गिका, चढण, उतरण, दर्शक, प्रतिबंधित हे सारे शब्द मराठीच आहेत, पण ट्रकच्या केबिनमध्ये त्यांतला एकही कोणी वापरत नाही. तिथे साईड देतात, डिपर मारतात, गाडी दाबतात आणि कट मारतात. पडद्यावर प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद मिळतात आणि ते सेकंद याचे वाक्य उलगडण्यातच जात होते. म्हणून आम्ही आधी एक वही केली, डाव्या बाजूला पडद्यावरचा शब्द आणि उजव्या बाजूला केबिनमधला. ही वही भरायला आठ दिवस लागले आणि माझ्या मते त्याचा अर्धा अभ्यास तिथेच झाला.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी कायदा उघडला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११ वा नियम या प्राथमिक परीक्षेबद्दल आहे आणि त्यात चार विषय सांगितले आहेत: वाहतुकीची चिन्हे, सिग्नल व रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, राखणदार नसलेले रेल्वे फाटक पार करताना घ्यायची काळजी, आणि गाडीत बाळगायची कागदपत्रे. निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे ६० टक्के प्रश्न बरोबर आले की पुरेसे ज्ञान आहे असे धरले जाते. सातवीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा हा अभ्यासक्रम लहान आहे.

चिन्हांचे त्याला काहीच अवघड गेले नाही. माझ्याकडे बिल्टीच्या जुन्या गुलाबी प्रती होत्या, त्यांची पाठ कोरी असते. ताईच्या स्वयंपाकघरातील वाटी पालथी घालून तो त्यावर वर्तुळे काढायचा आणि लाल पेनने कडा रंगवायचा. वर्तुळातले पाळावेच लागते, त्रिकोण पुढचा धोका सांगतो, निळा चौकोन उपयोगाची माहिती देतो; ‘थांबा’ अष्टकोनी असते आणि ‘रस्ता द्या’ उलट्या त्रिकोणात. इतके एकदा बसले की बाकीची चित्रे स्वतःच बोलतात. एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून शिकलो. आकड्याच्या वर आणि खाली बाण असतील तर ती उंचीची मर्यादा, डावीकडे आणि उजवीकडे असतील तर रुंदीची, आणि दोन चाकांना जोडणारा दांडा काढून सोबत टनांचा आकडा असेल तर ती एका ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा. मोटारसायकलवाला या तिन्हींखालून आयुष्यभर जातो आणि एकदाही वर बघत नाही. ताडपत्रीखाली फुगलेला माल घेऊन रेल्वेच्या पुलाखाली शिरणाऱ्याला मात्र त्या तीन वर्तुळांतले पहिले वेळेवर दिसले नाही, तर वरचे बारदान पुलालाच लागते.

रेल्वे फाटकाचा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त आवडला. मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम म्हणते की राखणदार नसलेल्या फाटकापाशी चालकाने गाडी थांबवावी, गाडीतील वाहक, क्लीनर किंवा मदतनीस याने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मगच ट्रकला पुढे न्यावे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. संपूर्ण अभ्यासक्रमात क्लीनरला नेमून दिलेले हे एवढे एकच काम, आणि माझा भाचा तेव्हा क्लीनर होता! त्याने ते कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. आमच्या पुणे–मिरज लोहमार्गाला समांतर अनेक गावरस्ते आहेत, पण राखणदाराविना असलेले फाटक त्याने कधी पाहिले नव्हते. पाहणार तरी कसे? ब्रॉडगेज मार्गांवरील अशी सारी फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद तरी झाली किंवा त्यांवर माणूस तरी आला. नियमात तो विषय अजून जसाच्या तसा आहे.

अपघाताच्या विषयावर आम्ही पहिल्या वेळी घाईने गेलो, ही माझी चूक. १३४ वे कलम सांगते की जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सर्व करावे, जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात खबर द्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. त्याच कलमात, जमावाच्या रोषामुळे थांबणे अशक्य असेल तर, असा अपवादही स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. मी हे वाचून दाखवले, त्याने मान डोलावली आणि आम्ही पुढे गेलो. काही महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, नव्या भारतीय न्याय संहितेतील १०६(२) या पोटकलमाविरुद्ध देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा आमच्या कचेरीसमोरही ट्रकांची रांग लागली. अपघातात मृत्यू झाला आणि चालक खबर न देता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत कैद, असे ते पोटकलम आहे. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, परंतु हे पोटकलम त्यातून तूर्त बाजूला ठेवण्यात आले. गाड्या उभ्या केल्या त्या दिवशी टायरवर बसलेल्या वयाने दुप्पट चालकांना माझा भाचा १३४ वे कलम समजावून सांगत होता आणि ते मुकाट्याने ऐकत होते. ‘थांबलो तर लोक मारतात आणि गेलो तर सरकार’ असे त्यांतला एक जण म्हणाला. यावर भाच्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते.

कागदपत्रांचा विषय माझ्या घरचाच होता: लायसन्स, नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी, मालवाहू गाडी असल्याने फिटनेस आणि परमिट. आता मोबाईलवरच्या डिजीलॉकरमधील प्रत चालते, त्यामुळे डॅशबोर्डमधली ती कुबट वासाची प्लॅस्टिकची पिशवी हळूहळू नाहीशी होत आहे.

दुसऱ्या वेळी त्याचे १५ पैकी १४ आले. मध्यंतरी एक प्रसंग घडला तोही लिहायला हवा. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या ओळखीवर ही परीक्षा घरी बसून देता येते. फॉर्म भरायला आम्ही ज्या दुकानात गेलो होतो तिथल्या माणसाने सहज सांगितले, “पोराला कशाला ताप देता? ओटीपी तेवढा सांगा, पास करून देतो.” किती घेणार हेही त्याने सांगितले. रक्कम किरकोळ होती, आणि मुलगा एकदा नापास झालेला असल्याने क्षणभर मी विचारात पडलो हे लपवण्यात अर्थ नाही. भाचाच म्हणाला, “नको मामा, मला १४ पाडायचे आहेत.” १५ का नाही, असे मी त्याला विचारले नाही.

पुढे महिनाभर शिकाऊ लायसन्सवर सराव, मग चाचणी आणि हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स हे सारे सुरळीत पार पडले. हेवीसाठी, म्हणजे ट्रकसारख्या जड गाडीच्या लायसन्ससाठी, मात्र थांबणे भाग होते, कारण हलक्या वाहनाचे लायसन्स किमान १ वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही आणि मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. या मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला आणि गावात एकच हवा पसरली की आता हेवी लायसन्स लागतच नाही. भाच्याचे मित्र रात्री घरी येऊन त्याला मोबाईलवर दाखवू लागले. निकाल इतकाच आहे की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. भाजीचा छोटा टेम्पो त्यात बसतो. १० चाकी ट्रकचे माल भरून एकूण वजन २८.५ टनांपर्यंत जाते, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. हे गणित त्याने मित्रांना भिंतीवर कोळशाने करून दाखवले. ताईने दुसऱ्या दिवशी ती भिंत पुसायला लावली.

२०२५ मध्ये त्याला २० वर्षे पूर्ण झाली आणि मी पुन्हा वही काढली. आता मोठी परीक्षा, असे मनाशी धरून मी ११ वा नियम पुन्हा वाचायला घेतला आणि त्याच्या दुसऱ्या पोटनियमावर येऊन थांबलो. ज्याच्याकडे चालू स्थितीतील पक्के लायसन्स आहे त्याला ही परीक्षा लागू नाही, असे तिथे लिहिलेले आहे. मी ते तीनदा वाचले. मोटार चालवणाऱ्याची ट्रकसाठी पुन्हा लेखी परीक्षा होत नाही. डॉक्टरचा दाखला लागतो, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते, शेवटी ट्रक प्रत्यक्ष चालवून दाखवावा लागतो. पण एअर ब्रेक, ॲक्सलचे वजन, घाटातला उतार, कामाचे तास यांवर एक ओळही कोणी लिहून घेत नाही. जे १५ प्रश्न स्कूटरवाल्याला येतात त्याच १५ प्रश्नांच्या बळावर माणूस २८ टनांचा ट्रक हाकतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. ते योग्यच झाले असे मी मानतो, कारण आमच्याकडचे दोन सर्वांत सांभाळून चालवणारे चालक चौथीच्या पुढे गेलेले नाहीत. परंतु शाळेचा दाखला मागायचा नसेल तर निदान ट्रकचे ज्ञान तरी विचारावे, तेही विचारले जात नाही, हे मला पटत नाही.

म्हणून पेपर मीच काढायचे ठरवले. प्रश्न काढायला मला कोणीतरी जाणता हवा होता आणि तो आमच्याच कचेरीबाहेर चहा पीत बसलेला असतो. त्यांना सगळे आबा म्हणतात. चाळीस वर्षे ट्रक चालवून आता ते मालकाच्या गाड्यांची देखभाल पाहतात. मी त्यांना म्हटले, पाच प्रश्न सांगा. त्यांनी पेला खाली ठेवला आणि भाच्याला घेऊन उभ्या असलेल्या ट्रककडे गेले. मी वही घेऊन मागोमाग गेलो.

पहिला प्रश्न त्यांनी तोंडी विचारलाच नाही. इंजिन चालू केले आणि हवेचा काटा वर चढेपर्यंत भाच्याला नुसते बघत बसवले. मग इंजिन बंद करून त्याला ब्रेकचा पॅडल दाबून धरायला सांगितले आणि स्वतः खाली उतरून चाकांपाशी कान लावून फिरू लागले. मागच्या डाव्या चाकापाशी ते थांबले. मलाही ऐकू आले, अगदी बारीक, सायकलच्या व्हॉल्व्हमधून येतो तसा आवाज. वर काटा हळूच खाली सरकत होता. “ह्या गाडीला तेलावरचा ब्रेक नाही, हवेवरचा आहे. हवा गेली की हँडब्रेकची स्प्रिंग आपोआप चाक धरते आणि गाडी जाग्यावर जाम होते. घाटात जाम झाली तर मागच्याचं काय?” मी लिहून घेतले: प्रश्न पहिला, गुण ५.

दुसरा प्रश्न उताराचा. खंबाटकीचे उदाहरण त्यांनी घेतले. तेव्हा पुण्याहून येणारी वाहने घाट चढत होती आणि साताऱ्याकडून जाणारी बोगद्यातून जात होती, त्यामुळे अनेकांना वाटायचे की बोगद्याची बाजू सोपी. वास्तविक बोगदा संपल्यावर उतार लागत होता आणि त्या उतारावरच ते कुप्रसिद्ध एस आकाराचे वळण होते. तिथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची जुनी खोड आहे. आबांचा नियम एका वाक्याचा होता, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. कारण मी नंतर वाचून काढले. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रल केले की सारे वजन ब्रेकच्या लायनरवर येते, चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, तापून फुगतो, आणि मग पॅडल तळापर्यंत दाबले तरी लायनर धरत नाही. शिवाय नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाला डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला जाते. म्हणजे जे वाचवायचे तेच खर्च होते.

तिसरा प्रश्न कुंभार्ली घाटाचा: रस्ता अरुंद आहे, तू उतरत आहेस, समोरून भरलेली गाडी चढत आहे, कोण थांबेल? नियम असा आहे की उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यावे. याचे उत्तर भाच्याने कारणासह लिहिले: ‘चढणारी एकदा थांबली तर पुन्हा उचलत नाही आणि मागे सरकते.’ मी पूर्ण गुण दिले.

चौथा मी माझा घातला. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ हा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता; त्याप्रमाणे चालकाने दिवसात किती तास काम करावे आणि किती तासांनंतर विश्रांती घ्यावी? उत्तर: ८ तास, आठवड्याला ४८, आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. भाच्याने ते बरोबर लिहिले आणि खाली कंसात ‘बेंगळुरू किती तासांत पोहोचवायचं हे बिल्टी लिहिताना कोण सांगतं?’ असे जोडले. मी तो कंस वाचला नाही असे दाखवले.

पाचवा प्रश्न त्याने स्वतः काढला. पेपर संपवून त्याने माझी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, आता मामांचा पेपर. प्रश्न असा होता: गाडीची परवानगी माल धरून २८.५ टन. बिल्टीवरच्या वजनाने ती बरोबर बसते, पण वजनकाट्यावर ३ टन जास्त भरते. दंड किती आणि कोणाला? पहिला भाग मला येत होता. १९४ वे कलम २०१९ च्या दुरुस्तीनंतर सांगते की २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, म्हणजे एकूण २६,०००. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलत नाही. काट्यावर यायलाच नकार दिला तर ४०,०००. दुसऱ्या भागासाठी मी कलम पुन्हा उघडले. त्यात तीन क्रियापदे आहेत: जो चालवतो, जो चालवायला लावतो, जो चालवू देतो.

“मग मामा, ह्यातले तुम्ही कोण?”

आमच्याकडे माल भरून झाल्यावर वजनाचा आकडा मला फोनवर सांगितला जातो आणि मी तो बिल्टीवर लिहितो. काट्याची पावती मागण्याची पद्धत नाही. आबा चहाचा पेला तोंडाला लावून दुसरीकडे बघत होते. मी ती जागा कोरी सोडली. भाच्याने लाल पेन घेतला, समोर शून्य लिहिले आणि त्याभोवती वाटी पालथी घालून वर्तुळ काढले.